जेवणाच्या सुट्टीत मोजलेली हवा

४ मार्च, सोमवार

भावोजी,

आणि वर तुमच्या अहवालातल्या त्या चित्रात आमची खोली निळी! निळी म्हणजे थंड, असं मालकांनी आम्हाला बोट ठेवून समजावलं. खोलीच्या मधोमध आठ बाहुल्या काढल्यात, त्या म्हणे आम्ही. त्याही निळ्या. अहो, आठ बायका इथे चादरींच्या वाफेत शिजून निघतायत आणि तुम्ही आम्हाला निळं रंगवलंत? रंगाची डबी हातात आहे म्हणून काहीही रंगवाल?

आधी होतं त्यात काय वाईट होतं? उकडायचं, नाही कोण म्हणतं. लाँड्रीतली इस्त्रीखोली आहे, बर्फाचा कारखाना नाही. पण रस्त्याकडच्या खिडकीतून झुळूक यायची. इस्त्रीच्या तापल्या रोलरवर चादर घालायची, दोन पावलं मागे सरायचं, मानेला वारा लागायचा, की पुढची चादर. तुमच्या अहवालाने काय केलं? समोरच्या भिंतीत वर परातीएवढा पंखा बसवला, तो हवा बाहेर फेकतो. आणि त्याच्या खालच्या आमच्या त्याच खिडकीवर प्लायवूड ठोकलं. का, तर ‘खिडकीतली हवा सरळ पंख्याकडे पळते, खोलीत फिरत नाही’. पळू दे की! पळता पळता आमच्या मानेवरून तर पळत होती.

आता ती कुठून येते सांगू? मागच्या भिंतीतल्या झरोक्यातून. आणि कशी येते? उकळत्या पातेल्यावरचं झाकण कुणी आपल्या तोंडापाशी उघडावं, तशी.

माझं तर बोलायचं तोंडच राहिलं नाही. मालकांना तुमचं नाव कुणी सुचवलं? मीच. ‘आमचे भावोजी हवेचंच काम करतात, कम्प्युटरवर वारा सोडून बघतात’, असं चार जणींत मिरवलं. आता झरोक्यातून फुफाटा आला की सगळ्या एका सुरात ओरडतात, “आले गं भावोजी!” एक बाई आहे, तिला आम्ही गप्पी म्हणतो, कारण ती वर्षाला दहा शब्द बोलते. त्यातले तीन तिने यावर खर्च केले.

फोन करणार नाही. फोनवर तुम्ही ‘हो वहिनी, बघतो वहिनी’ म्हणता आणि ठेवता. म्हणून कागदावर. उत्तरही कागदावरच द्या.

आठ एप्रिलला गवंडी येऊन खिडकी विटांनी बुजवणार आहे. प्लायवूड आहे तोवर चार खिळे उपटता येतात. वीट बसली की संपलं, मग आम्ही आठ जणी आणि तो झरोका. तेव्हा सांगा, तुम्ही नक्की मोजलंत काय?

वहिनी


८ मार्च

तीर्थरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर आल्यामुळे ते आधी रिसेप्शनवर उघडलं गेलं. यापुढे कृपया घरी पाठवावं.

आमचं काम कसं चालतं ते सोप्या शब्दांत सांगतो. कम्प्युटरमध्ये आधी तुमची खोली काढली. मग ती जिथे जिथे बाहेरच्या जगाला उघडते, तिथे तिथे पलीकडे हवेचा दाब किती आहे, ते आपण सांगायचं असतं. याला सीमेवरची अट म्हणतात. पलीकडे मोकळं आकाश असेल तर दाब शून्य धरायचा. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. मी पंख्याला त्याची ताकद दिली, दाराला शून्य दिला, झरोक्याला शून्य दिला. एवढं सांगितलं की आत कुठून किती हवा जाईल, किती तापेल, हे सॉफ्टवेअर स्वतः काढतं. खोलीचे चाळीस लाख चौकोन पाडून काढतं. त्यात अंदाजपंचे काही नसतं.

उत्तर चोख जुळलं आहे. जितकी हवा आत येते तितकीच बाहेर जाते. तुम्ही उभ्या राहता तिथे एकोणतीस अंश.

मला वाटतं, धुलाईच्या खोलीकडच्या दाराला जो प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे, तो बायका गाठ मारून वर ठेवत असाव्यात. त्यामुळे तिकडची दमट हवा आत येते. पडदा सोडून ठेवावा. पाणी भरपूर प्यावं. नव्या गोष्टीची सवय व्हायला थोडा वेळ लागतोच.

तुम्हाला एकट्यांना फारच त्रास होत असेल, तर घड्या घालायच्या टेबलावर बसवता येईल का, हे मी मालकांना विचारून बघतो.

आपला,
भावोजी


१२ मार्च, मंगळवार

भावोजी,

साष्टांग नमस्कार पोचला. आठ अंगं टेकवायचीच असतील तर इथल्या फरशीवर येऊन टेकवा. चांगली तापलेली आहे.

पडदा कुणी वर बांधत नाही. बांधला तर मुकादम शिट्टी मारतो, म्हणून त्याचं नावच शिट्टी आहे. आणि मला एकटीला घडीच्या टेबलावर बसवायची भाषा पुन्हा करू नका. मी काय माझ्यापुरती झुळूक मागायला कागद खरडतेय? बाकीच्या सात काय तुमच्या चाळीस लाखांतल्या आहेत का?

आता मी काय केलं ते ऐका. एका फाटक्या चादरीच्या काठाचे दोन हात लांब तीन दोरे काढले. एक दाराला बांधला, एक पंख्यापुढे, एक झरोक्याला. शिट्टीने विचारलं, हे काय? म्हटलं, माप घेतेय. तो म्हणाला, माप तर इंजिनियर घेऊन गेला. म्हटलं, तो खोलीचं घेऊन गेला, मी हवेचं घेते.

दोरे बांधले जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा झरोक्याचा दोरा जेमतेम हलत होता. दीड वाजता ड्रायर सुरू झाले. पहिला, दुसरा, असे पाचही. आणि दोरा हळूहळू उठला, वर वर आला आणि काठीसारखा आडवा झाला. बाहेरच्या बाजूला नाही, आमच्या बाजूला. संध्याकाळपर्यंत तसाच. दाराचा दोरा मात्र जागचा फारसा हलला नाही. म्हणजे दमट हवा दारातून येते हा तुमचा शोध तुमच्याजवळच ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झरोक्याला पांढरा रुमाल ताणून बांधला. संध्याकाळी सोडला तो या पाकिटात घातलाय. असा राखेरी झाला एका दिवसात. रुमालाला लागलंय ते काय आहे, चिमटीत धरून बघा. कापूस आहे, भावोजी. चादरींतून सुटलेला. तो आम्ही रोज खातोय.

तुमच्या सॉफ्टवेअरला हा रुमाल दाखवा आणि विचारा, चाळीस लाखांतला एक तरी चौकोन असा मळलाय का?

सवयीचं म्हणालात. बावीस वर्षं मी रोलरवर आहे. मला उकाड्याची सवय तुम्ही लावणार?

वहिनी


१७ मार्च

तीर्थरूप वहिनींस,

सा. न.

रुमाल मिळाला. हिने तो आधी धुवायला टाकला होता, मी परत काढून घेतला.

तुमच्या प्रयोगाबद्दल बरं वाटलं. कारण झरोक्यातून हवा आत येते, हे माझ्याही गणितात दिसतं. म्हणजे तुमचा दोरा आणि माझं सॉफ्टवेअर एकच सांगत आहेत. फरक इतकाच की माझ्याकडे ती हवा थंड आहे, आणि त्या हवेनेच खोली निळी झाली आहे.

इमारतीच्या नकाशावर झरोक्यामागे ‘मोकळी जागा’ असं लिहिलं आहे. मी प्रत्यक्ष आलो होतो तेव्हा तिथून गरम काही आल्याचं मला आठवत नाही. झरोक्यामागे नक्की काय आहे? कापूस कुठून येतो?

भावोजी


२२ मार्च, शुक्रवार

भावोजी,

अक्षराकडे बघू नका, लिहिलंय ते वाचा.

गणित कागदावर उतरून, छापून, मालकांच्या हातात देऊन झाल्यावर तुम्ही आता विचारता, झरोक्यामागे काय आहे! आधी नाही विचारवलं?

काय आहे ते मागच्या दाराने जाऊन बघून आले. आमच्या आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतींमध्ये एक बोळ आहे. आडवं उभं राहिलं तर खांदे घासतात, इतकाच रुंद. ड्रायरचे पाच पाइप त्या बोळात तोंडं उघडून बसलेत. पूर्वी वर आकाश होतं, तुमचा नकाशा त्या वेळचा. मग शेजारच्या गच्चीवर कापूस उडायला लागला, शेजारी भांडायला आले, म्हणून मालकांनी बोळावर पत्रा टाकून घेतला. दोन्ही टोकांना भिंती आहेत आणि जायचं दार आहे ते लोखंडी, सदा बंद. आता पाच ड्रायरची हवा त्या बोळात कोंडते आणि तिला बाहेर पडायला एकच भोक उरलंय. तुमचा झरोका! वर तुमचा पंखा तिला ओढायला बसलाय. मी दोन मिनिटं आत उभी राहिले तर पापण्यांवर कापूस बसला. याला तुम्ही शून्य दिलंत. याला तुम्ही मोकळं आकाश म्हणालात.

आणि प्रत्यक्ष आलो होतो म्हणता, तर कधी आला होतात? दुपारी एकला. कामात अडथळा नको म्हणून मालकांनी तुम्हाला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. ड्रायर बंद, रोलर बंद, खिडकी सताड उघडी. तुम्ही लाल ठिपक्याच्या यंत्राने भिंती मोजल्यात, झरोक्याची लांबी-रुंदी मोजलीत, त्याच्यासमोर उभं राहून माझ्या डब्यातलं जेवलात आणि म्हणालात, “वहिनी, इथे छान आहे की!” मी म्हटलं, जरा थांबा, यंत्रं सुरू होऊ द्या. तर म्हणालात, “गरज नाही, बाकीचं सॉफ्टवेअर करतं.” दीडच्या आत तुम्ही गेलात. ड्रायर दीडला सुरू होतात.

मी तेव्हा मनात म्हटलं, शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल. तिथे चुकलंच माझं. बाही धरून थांबवायला हवं होतं.

मंगळवारी एका बाईला रोलरपाशी भोवळ आली. पडू नये म्हणून हात टेकला, तो रोलरवर. बाई ठीक आहे, कामावर येते. कोण ते विचारू नका, तुमच्या चित्रात सगळ्या सारख्याच दिसतात.

गवंड्याने विटा आणून टाकल्यात. दारात ढीग आहे.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

रविवारी दादाशी बोललो. भोवळ आलेली बाई तुम्ही होतात. अक्षर वाकडं होतं, ते डाव्या हाताने लिहिल्यामुळे. दादा म्हणाला, तळव्यापासून मनगटापर्यंत भाजलं आहे. तुम्ही मला सांगितलंही नाहीत.

मी सगळं पुन्हा उघडून बघितलं. तुमच्यापासून काही लपवत नाही.

झरोका मी ‘हवा बाहेर जाण्याचं तोंड’ म्हणून दिला होता. गणित चालू असताना पडद्यावर एक ओळ सारखी येत होती, की या तोंडावर प्रवाह उलटा आहे. तीन दिवस येत होती. ऑफिसात आम्ही सगळेच तिच्याकडे काणाडोळा करतो, कारण बऱ्याचदा ती आपोआप जाते. ही गेली नाही. तरी मी पुढे गेलो, कारण बाकी सगळं जुळत होतं.

अशा तोंडातून हवा उलटी आत आली तर ती किती गरम असेल, हे सांगायला एक रकाना असतो. तो मी रिकामा ठेवला. रिकामा ठेवला की सॉफ्टवेअर तिथे स्वतःच सत्तावीस अंश लिहितं. तुमच्या खोलीला थंड करणारी हवा बोळातून येतच नव्हती, वहिनी. ती त्या रकान्यातून येत होती.

सोमवारी मी गणित पुन्हा चालवलं. बोळात शून्याच्या जागी जास्तीचा दाब दिला आणि हवा पंचावन्न अंश. झरोक्यातून दीडपट हवा आत आली. बाहुल्या लाल झाल्या. त्रेचाळीस अंश.

आता माझी अडचण. अहवालावर माझी सही आहे आणि आमच्या साहेबांचीही. ते निळं चित्र कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर छापलं आहे. मे महिन्यात माझ्या बढतीचं ठरणार आहे. मला दोन महिने द्या. जूनमध्ये मी ‘सुधारित शिफारस’ म्हणून खिडकीचा विषय हळूच पुढे आणतो, कुणाला वावगं वाटणार नाही. तोपर्यंत तुम्हीच मालकांना सांगा, की बायकांची तक्रार आहे, खिडकी बुजवू नका. घरचं माणूस म्हणून एवढं करा.

भाजल्यावर लावायचं मलम पाठवत आहे.

तुमचा,
भावोजी


२९ मार्च, शुक्रवार

भावोजी,

मलम मिळालं. चांगलं आहे. नळीवर लिहिलंय त्याने आग कमी होते, आणि खरंच होते. ज्याने लिहिलं त्याने आधी लावून बघितलं असावं.

रकाना रिकामा ठेवला हे तुम्ही कबूल केलंत. बरं वाटलं. तुमच्या घराण्यात चूक कबूल करणारे तुम्ही पहिले, तुमचे दादा अजून मागच्या खोलीतल्या दिवाणाचा पाय कुणी मोडला ते सांगत नाहीत. पण त्यापुढे तुम्ही जे लिहिलंत ते वाचून हसावं की काय करावं, कळेना. दोन महिने? जूनमध्ये खिडकीचा विषय काढणार? खिडकी कुठे असेल जूनमध्ये? भिंतीचा विषय काढा मग.

आणि मालकांना मी सांगू? अहो, तुम्हाला पहिलं पत्र लिहायच्या आधीच सांगून आले होते. ऐकायचंय काय झालं ते? मी केबिनमध्ये उभी, पदर पिळला तर पाणी निघेल अशी. मालकांनी तुमचा अहवाल उलगडला, एका बाहुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही रोलरपाशी आहे ती तूच ना? बघ बरं. थंड आहेस.” मी म्हटलं, मालक, मी इथे उभी आहे, माझ्याकडे बघा. ते म्हणाले, “तुझं तुला वाटतं गं, हे मोजलेलं आहे.”

तुमच्या कागदाने मला असं खोटं पाडलंय. रोलरवरची बाई काय म्हणते त्याला इथे कुणी विचारत नाही. मालक फक्त रंगीत कागदाचं ऐकतात. म्हणून निळा कागद लाल कागदानेच खोडावा लागेल, आणि तो तुम्हालाच आणावा लागेल.

माझ्या हाताची हळहळ नको. हात भाजला त्या दिवशी मला धरलं कुणी? गप्पीने. मी बाजूला झाल्यापासून रोलरवर ती उभी राहते, माझ्या जागेवर, झरोक्याच्या बरोब्बर तोंडाशी. काल तिने दोनदा भिंतीला डोकं टेकवलं. बोलली काही नाही. ती पडायची वाट बघू का मी, तुमची बढती होईपर्यंत?

आता काय करायचं ते सांगते. पाच एप्रिलला, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता तुम्ही इथे यायचं. लाल चित्र घेऊन यायचं, सही करून. आधी दहा मिनिटं माझ्या जागेवर उभं राहायचं, पाचही ड्रायर चालू असताना. मग मालकांना बोलवायचं, तुमच्या शेजारी उभं करायचं आणि तुमच्या तोंडाने सांगायचं की माझं चुकलं. खिडकीवरचं प्लायवूड काढायला हातोडी मी आणून ठेवते. बोळावरचा पत्रा उचलायचा की पाइप वर न्यायचे, ते तुम्ही आणि मालक बसून ठरवा, ती तुमची विद्या आहे. मला त्यातलं कळत नाही. मला दोऱ्याएवढं कळतं.

तुमच्या साहेबांना काय वाटेल, ते त्यांना वाटू द्या. पुस्तिकेतलं पहिलं पान फाडता येतं.

नाही आलात, तर तुमचं सव्वीस तारखेचं पत्र आहे माझ्याजवळ. तीन दिवस येणारी ओळ, रिकामा रकाना, सत्तावीस अंश, सगळं तुमच्या सुंदर अक्षरात. ते मी शनिवारी मालकांच्या टेबलावर ठेवीन. उत्तर कागदावर द्या म्हणून मी पहिल्या दिवसापासून का मागे लागले होते, ते आता कळलं असेल. पण ते पत्र ठेवायची वेळ माझ्यावर आणू नका. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत तर तुम्ही चूक सुधारणारे इंजिनियर ठराल. मी पत्र ठेवलं तर तुम्ही नुसतेच पकडले जाल. मला तुम्हाला पकडून द्यायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला पहिलं ‘वहिनी’ तुम्ही म्हणालात, एवढेसे होतात.

अकरा म्हणजे अकरा. एकला सुट्टी होते. एकला आलात, तर आला नाहीत असंच मी धरीन.

गवंडी सोमवारी, आठ तारखेला, कामाला लागतो. तुम्ही येताय की नाही, ते येत्या बुधवारपर्यंत, तीन तारखेला, मला कळलं पाहिजे. एका शब्दाचं उत्तर पुरे. पण तो रकाना रिकामा ठेवू नका. ठेवलात तर तो मी भरीन, आणि मी काही तिथे सत्तावीस लिहिणार नाही.

वहिनी